होले, फेझंट आणि क्ले: एकच शॉटगन घ्यायची तर १२ बोअर की २० बोअर?

डॅलसकर

नमस्कार मंडळी. मुक्काम टेक्सस, डॅलसच्या उत्तरेला. एकच शॉटगन घ्यायची आहे आणि तिच्याकडून तीन कामं हवी आहेत. वर्षभर महिन्यातून दोन-तीनदा क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी; त्यात स्कीट आणि स्पोर्टिंग क्लेज हे दोन्ही प्रकार. सप्टेंबरात होल्यांची (कबुतराच्या जातीचे पक्षी) शिकार. आणि जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात साउथ डकोटाला फेझंटसाठी (कोंबड्यासारखा रानपक्षी) एक फेरी.

बायकोही क्ले खेळणार आहे. उंची ५ फूट २ इंच, बांधा बारीक. दुकानात गेलो की मला १२ बोअर आणि तिला २० बोअर दाखवतात. तिला धक्का कमी बसेल असं सांगतात. कुणी म्हणतं २८ बोअर घ्या, सगळ्यात गोड बंदूक तीच. एकाच बंदुकीत दोघांचं भागेल का? भागत असेल तर कोणत्या बोअरमध्ये, किती वजनाची, आणि काडतूस कोणतं? ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) की सेमी-ऑटो (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी), यावरही बोला.

बारा_बोअर

आधी एक गैरसमज दूर करू. धक्का बोअर देत नाही. नळीतून किती वजन किती वेगाने बाहेर जातं आणि ते सोसायला बंदुकीचं वजन किती आहे, यावर धक्का ठरतो.

बोअर हा फक्त नळीच्या व्यासाचा आकडा. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि एका पौंडात तशा १२ बसल्या तर ती १२ बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ ची नळी १८.५ मिमी, २० ची १५.६, २८ ची १४. अपवाद ४१० चा. तो आकडा थेट इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच म्हणजे १०.४ मिमी.

आता धक्क्याचा हिशेब. छर्रे, वॅड (छर्रे आणि दारू यांच्यामधलं बूच) आणि दारूचा वायू यांचा संवेग काढून बंदुकीच्या वजनाने भागला की हे आकडे येतात. सगळीकडे वेग सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास धरला आहे.

१२ बोअर, बंदूक ३.४ किलो, छर्रे १ १/८ औंस (३२ ग्रॅम): सुमारे १९ फूट-पौंड.
तीच बंदूक, छर्रे ७/८ औंस (२५ ग्रॅम): सुमारे १२.
२० बोअर, बंदूक २.८ किलो, छर्रे तेच ७/८ औंस: सुमारे १४.
२० बोअर, तीच बंदूक, तीन इंची काडतूस, छर्रे सव्वा औंस: २६ च्या आसपास.
२८ बोअर, बंदूक २.६ किलो, छर्रे पाऊण औंस: सुमारे ११.

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून बघा. छर्रे तेवढेच, तरी २० बोअर जास्त मारते, कारण ती ६०० ग्रॅमने हलकी आहे. बारीक बांध्याच्या माणसाला हलकी बंदूक द्यायची आणि वर तीन इंची काडतूस भरायचं, म्हणजे चौथी ओळ त्याच्या खांद्यावर आणून ठेवायची. अशा माणसाला पंचवीस बारांच्या आतच चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते, आणि ती मोडायला महिने जातात.

तेव्हा घरात दोघांसाठी एकच बंदूक असेल तर १२ बोअर, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो, ३.२ ते ३.५ किलो, २८ इंची नळी, तीन इंची चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं). गॅसच्या सेमी-ऑटोत दारूच्या वायूतला थोडा भाग पिस्टनकडे वळतो, त्यामुळे धक्का लांबतो आणि टोचत नाही. हिशेबातला आकडा तोच राहतो, पण खांद्याला जाणवतो तो बराच कमी. साडेतीन इंची चेंबरच्या मागे लागू नका. ती सोय दूरच्या हंसांसाठी आहे आणि त्या बंदुकांना हलकी काडतुसं पचायला जड जातात.

७/८ औंस पुरतात का, ही शंका येणारच. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्या प्रकारांना छर्ऱ्यांची कमाल मर्यादा २४ ग्रॅम आहे, म्हणजे ७/८ औंसाहून किंचित कमीच. ट्रॅपमध्ये नेमबाज यंत्राच्या १५ मीटर मागे उभा असतो आणि तबकडी ७६ मीटरपर्यंत जाईल इतक्या वेगाने सुटते. तिथे पुरतं ते तुमच्या स्कीटला नक्की पुरेल. स्कीटची तबकडी मधल्या स्टेशनवरून (नेमबाजाने उभं राहायची जागा) २०-२२ यार्डांवर फुटते.

छर्ऱ्यांची मोजणी लक्षात ठेवा. शिशाचे अमेरिकन नंबर, एका औंसात: ९ नंबर ५८५, ८ नंबर ४१०, साडेसात नंबर ३५०, ६ नंबर २२५, ५ नंबर १७०, ४ नंबर १३५. नंबरवरून व्यासही काढता येतो: १७ मधून नंबर वजा करा, उरले ते इंचाचे शंभरावे भाग. ५ नंबर म्हणजे ०.१२ इंच.

स्कीटला ७/८ औंस ९ नंबर. स्पोर्टिंगला ७/८ किंवा १ औंस, ८ नंबर. लांबच्या तबकडीला साडेसात. होल्यांना १ औंस साडेसात. फेझंटला सव्वा औंस ५ नंबर, शिशाचे चालत असतील तिथे. एकच बंदूक पाऊण औंसापासून दीड औंसापर्यंत सगळं मारू शकते. ही मुभा १२ मध्येच आहे. शिवाय १२ ची काडतुसं पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातसुद्धा मिळतात.

माळरान

वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो स्टेशनवर उभं राहून बार काढणाऱ्याचा आहे. फेझंटला दिवसाला आठ-दहा किलोमीटर मक्याच्या आणि गवताच्या रानातून चालावं लागतं, बंदूक दोन्ही हातांत तयार धरून. बार काढायचे किती? तीन नर मारले की साउथ डकोटात एका माणसाचा दिवस संपला. म्हणजे चालणं तासन् तास आणि बार पाच-सहा. तिथे ६०० ग्रॅम कमी असणं मोलाचं. दुपारी थकलेल्या हातांनी जड बंदूक उशिरा खांद्याला येते आणि पक्ष्याच्या मागे बार जातो.

कुत्र्याने उठवलेला नर सुरुवातीच्या हंगामात १५-२० यार्डांवरून उठतो आणि २५-३० वर टिपायचा असतो. त्याला २० बोअरचे १ औंस ६ किंवा ५ नंबर पुरेसे आहेत. ४० यार्डांवरचा, पाठ करून निघालेला पक्षी मात्र सोडून द्यावा. पाठीमागून छर्ऱ्याला आधी पिसं, पाठीचा मणका, आतडी भेटतात. काळीज आणि फुप्फुस नंतर. असा पक्षी पडतो, पळतो आणि गवतात हरवतो. ज्याला अंतर ओळखता येत नाही त्याच्या हातात १२ दिली तरी तो पक्षी जखमीच करणार.

एक गोष्ट १२ च्या बाजूने मान्य करतो, ती म्हणजे शिशाऐवजी वापरायचे पोलादी छर्रे. साउथ डकोटात बऱ्याच सार्वजनिक जमिनींवर फेझंटला बिनविषारी छर्रेच लागतात. आणि बदकांना तर १९९१ पासून सगळ्या अमेरिकेत शिसं बंद आहे. पोलादाची घनता ७.८, शिशाची ११ च्या वर. हलका छर्रा लवकर मंदावतो, म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यायचा: शिशाच्या ५ च्या जागी पोलादाचा ३. मोठे छर्रे जागा जास्त खातात. २० च्या तीन इंची काडतुसात पोलाद ७/८ ते १ औंस मावतं, ३ नंबरचे साधारण १४० ते १५८ छर्रे. १२ च्या तीन इंचीत सव्वा औंस, म्हणजे १९५ च्या पुढे. हा फरक खरा आहे. बिस्मथ (दुसरा बिनविषारी धातू) घेतलात तर दरी कमी होते (घनता ९.६), जुन्या नळ्यांनाही ते चालतं, पण किंमत ऐकून बसावं लागतं.

२८ बद्दल. होल्यांना आणि लाव्यांना ती सुंदर आहे. पाऊण औंस ८ नंबर म्हणजे ३०७ छर्रे, ३० यार्डांच्या आत काही कमी पडत नाही. पण काडतुसं महाग, प्रत्येक दुकानात नसतात, आणि फेझंटला पोलाद मारायची वेळ आली की ती संपली. पहिली बंदूक म्हणून नको. ४१० तर मुळीच नको. अर्धा औंस छर्रे एवढ्या बारीक नळीतून जाताना खूप घासतात, चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. ती कसलेल्या माणसाची बंदूक आहे. मुलांच्या हाती पहिली म्हणून ती दिली जाते, त्यात मुलं फक्त चुकायला शिकतात.

आणि १२ व २० दोन्ही घरात येणार असतील तर हे वाचाच. २० चं काडतूस १२ च्या नळीत पडलं तर ते चेंबरमधून पुढे सरकतं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. बार झाला नाही असं वाटून त्यामागे १२ चं काडतूस भरलं आणि चाप ओढला की नळी पुढच्या हाताखालीच फाटते. बोटं जातात. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. २८ चं काडतूस २० मध्ये असंच अडकतं. नियम असा: शिकारीच्या जाकिटात एका वेळी एकच बोअर. रानातून आलात की सगळे खिसे, कमरेची पिशवी, गाडीतला कप्पा रिकामा करा, मग दुसरी बंदूक काढा. आणि बार कधी «फुस्स» असा वेगळा वाजला तर बंदूक रिकामी करून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका. वॅड आत अडकली असली तरी परिणाम तोच.

दस्ता_आणि_डोळा

बोअरच्या आधी ताईंना दस्ता मापात बसतोय का ते पाहा. दुकानातल्या बहुतेक बंदुकांचा दस्ता, चापापासून टोकापर्यंत, १४ १/४ ते १४ १/२ इंच असतो. ५ फूट २ इंच उंचीला साधारण १३ ते १३ १/२ लागतो. लांब दस्ता काखेत अडकतो, मग बंदूक खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकते आणि तिथे २० बोअरनेही काळं-निळं होतं. «मला १२ चा धक्का झेपत नाही» असं जे म्हटलं जातं, त्यात पुष्कळदा दोष दस्त्याचा असतो.

सेमी-ऑटो घेताना पेटीत शिम येतात का ते विचारा. दस्ता आणि बंदुकीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवायच्या त्या पातळ चकत्या. त्याने दस्ता वर-खाली आणि डावी-उजवीकडे झुकवता येतो. दोघांसाठी सोपा मार्ग म्हणजे आखूड दस्ता घेऊन दोन रबरी पॅड ठेवायचे, एक पातळ, एक जाड. स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांचं काम.

डोळ्याची परीक्षा घरीच होते. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये बारीक खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा दिवा त्यात धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला तर बार सतत डावीकडे जातात. कोणतंही बोअर त्यावर उपाय नाही. डाव्या खांद्यावरून शिका, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर नखाएवढा धुरकट टेप लावा.

परवाना_आधी

कुणी विचारलं नाही, पण इथल्या बऱ्याच मराठी घरांना लागू आहे म्हणून लिहितो. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा ताई एच-४ व्हिसावर असतील, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगणं मुळातच मना आहे. रेंजवर भाड्याने घेणंही त्यातच आलं. सूट आहे, पण ती ठराविक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना तुमच्याकडे असला तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

क्रम उलटा करू नका. आधी हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकाऱ्यांसाठीचा कोर्स (टेक्ससात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना आवश्यक), मग शिकार-परवाना, मग दुकान. दुकानदाराचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना व्हिसाचा प्रश्न येतो, तिथे खरं लिहा आणि परवाना सोबत ठेवा. दोघांना बार काढायचे असतील तर दोघांचा परवाना वेगवेगळा.

यातली खाच: टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. क्लेच खेळणारा माणूस शिकारीचा परवाना नव्याने काढायचा विसरतो आणि १ सप्टेंबरला घरातल्या कपाटात बंदूक असणं हाच गुन्हा होतो. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळतात. तेव्हाच काढून टाका.

होल्यांसाठी त्या परवान्यावर स्थलांतरित पक्ष्यांची जोड लागते. रोज १५ ची मर्यादा. आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत: नळीत एक, मॅगझिनमध्ये दोन. सेमी-ऑटोच्या पेटीत त्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची काठी येते, तिला प्लग म्हणतात. काही बंदुकांत ती बसवलेली असते, काहींत सुटी. होल्यांच्या रानात जायच्या आधी बंदूक सुरक्षित दिशेला धरून भरून पाहा. चौथं काडतूस आत गेलं तर प्लग नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी: तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे. त्यामुळे वरच्या शिशाच्या शिफारशी तुम्हाला फक्त क्लेपुरत्या, आणि त्याही रेंजची परवानगी असेल तर.

पुणे_ट्रॅप

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे रानपक्ष्यांची शिकार बंद झाली. इथे शॉटगन म्हणजे क्ले, आणि क्ले म्हणजे १२ बोअर ओव्हर-अंडर, २४ ग्रॅम. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधलं रौप्य डबल ट्रॅपमधलं (एकदम दोन तबकड्या). तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. आता ट्रॅप आणि स्कीट उरले. नियमात १२ हून लहान बोअरला बंदी नाही, पण छर्ऱ्यांची मर्यादा सगळ्यांना सारखीच असल्यामुळे लहान बोअर घेऊन काही पदरात पडत नाही. तेच २४ ग्रॅम रुंद नळीत आखूड थर करून बसतात, कमी चेपतात, छर्ऱ्यांचा घेर एकसारखा पडतो.

घरात आजोबांची दुनळी असेल तर तिच्यातून आजची काडतुसं मारण्याआधी चेंबरची लांबी बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या. बऱ्याच जुन्या इंग्लिश दुनळ्या अडीच इंची चेंबरच्या आहेत. त्यात पावणेतीन इंची काडतूस भरलं जातं खरं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. पोलादी छर्रे तर अशा नळ्यांत कधीच नकोत.

डॅलसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचा मुद्दा आम्हाला लागू आहे, मी एच-१बीवर आणि ती एच-४ वर. त्यामुळे दुकानाच्या आधी कोर्स.

बंदुकीचं ठरलं: १२ बोअर, गॅसची सेमी-ऑटो, २८ इंची नळी, आखूड दस्ता, दोन पॅड. माळरान, तुमचं चालण्याबद्दलचं पटतं, पण साउथ डकोटा वर्षातून चार दिवस आणि क्ले वर्षभर, म्हणून वजन सोसतो. आता शेवटचं: पेटीत पाच चोक (नळीच्या टोकाला बसवायचे तुकडे) येतात. कुठे कोणता? आणि हलकी काडतुसं सेमी-ऑटो नीट फिरवत नाही असं वाचलं, ते कितपत खरं?

बारा_बोअर

आधी काडतुसं. ७/८ औंसाने नवी गॅस बंदूक कधी कधी रिकामं टरफल अर्धवट बाहेर टाकते किंवा पुढचं वर उचलत नाही. कारणं बहुधा तीन. कारखान्यातून येणारं घट्ट तेल आत तसंच राहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी बंदूक उघडून ते पुसा, पिस्टनला तेलाचा हलका हात द्या, थबथबवू नका. दुसरं, स्प्रिंग नवी आणि कडक असते. पहिले ५०-१०० बार १ १/८ औंसाचे काढा, मग खाली या. तिसरं कारण बंदुकीत नसतंच: बंदूक खांद्याला सैल धरली की ती मागे जाते आणि आतल्या यंत्राला पुरेसा झटका मिळत नाही. बारीक माणसाच्या हातात अडते आणि दुसऱ्याच्या हातात चालते, ती याने. सगळं करून अडलीच तर ७/८ औंसाच्या थोड्या वेगवान काडतुसांवर जा, किंवा १ औंसावर. दर ३००-४०० बारांनी पिस्टनवरची काजळी काढा.

खरेदी करताना इनर्शियावर (वायूवर नाही, बंदुकीच्या धक्क्यावरच) चालणारी सेमी-ऑटो आणि गॅसची यात गल्लत करू नका. इनर्शियाची हलकी असते, आत स्वच्छ राहते, पण धक्का जसाच्या तसा देते आणि हलक्या काडतुसांशी तिचं कमी जमतं. आपल्या «माळरान» यांना तीच आवडेल, ताईंना नाही.

चोक म्हणजे नळीच्या टोकाला दिलेली चिमट. १२ मध्ये ढोबळ मापं अशी: सिलिंडर शून्य, स्कीट ०.००५ इंच, इम्प्रूव्हड सिलिंडर ०.०१०, मॉडिफाइड ०.०२०, फुल ०.०३५ ते ०.०४०. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात त्यावर नावं आहेत: सिलिंडर ४०, इम्प्रूव्हड ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. स्कीटला स्कीट. स्पोर्टिंगला इम्प्रूव्हड लावा आणि प्रत्येक स्टेशनवर चोक बदलत बसू नका. त्या बदलाने फुटणाऱ्या तबकड्या फार थोड्या, लक्ष विचलित होऊन चुकणाऱ्या जास्त. होल्यांना इम्प्रूव्हड. फेझंटला शिशाबरोबर मॉडिफाइड. पोलाद छर्रा चेपत नाही म्हणून त्याचा घेर आपोआप घट्ट पडतो, तिथे इम्प्रूव्हड. पोलाद फुलमधून मारू नका; चोकवर पोलाद चालेल असं कोरलेलं असतं ते वाचा.

प्रत्येक राउंडनंतर, बंदूक उघडी आणि रिकामी करून, चोक हाताने घट्ट आहे का ते पाहा. सैल चोकच्या मागच्या कडेखाली छर्रे शिरतात, चोक उडतो आणि नळीचं तोंड फाटतं. आट्यांना चोकचं ग्रीस लावा, नाहीतर पोलाद मारल्यानंतर तो निघत नाही.

माळरान

चोकवर कोरलेल्या नावावर विसंबू नका. कागदावर मारून पाहा. हे काम शंभरातले पाचजण करतात, आणि बंदुकीबद्दल सगळ्यात जास्त तेच शिकवतं.

चार फूट बाय चार फूट कागद, मध्ये मुठीएवढा काळा ठिपका. होल्यांच्या काडतुसाला २५ यार्ड, फेझंटच्या काडतुसाला ४० यार्ड, टेपने मोजून. एका कागदावर एकच बार. नेम धरून चाप हळू दाबायचा नाही. पक्ष्यावर घ्याल तशी बंदूक खांद्याला आणा आणि काढा. प्रत्येक काडतूस-चोकच्या जोडीचे निदान तीन कागद, पाच झाले तर उत्तम, कारण एका बारावरून काही कळत नाही.

मग ठिपका विसरा. छर्रे जिथे सगळ्यात दाट पडलेत तो मध्य धरून १५ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा, आतली भोकं मोजा. त्याच पेटीतलं एक काडतूस कापून आतले छर्रे मोजा, छापील आकड्यात थोडा फरक असतो. भागिले की टक्के. नंतर पुठ्ठ्याची तबकडीएवढी चकती, सव्वाचार इंच व्यासाची, वर्तुळात फिरवा. जिथे ती ठेवल्यावर तीनपेक्षा कमी भोकं झाकली जातात ती तुमची भगदाडं. फेझंटसाठी हाताचा पंजा तसाच फिरवा. भगदाडं कडेला असतील तर चालतं. मधोमध असतील तर चोक बदलण्याआधी काडतुसाची कंपनी बदलून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

आता ठिपक्याकडे परत या. दाट मध्य ठिपक्यापासून किती आणि कुठे सरकला? ४० यार्डांवर तीन इंच वर म्हणजे ६०-४० (६० टक्के छर्रे ठिपक्याच्या वर, ४० खाली), ते उत्तम; उठणाऱ्या पक्ष्याला तसंच हवं. सगळे कागद डावीकडे असतील तर दस्ता आणि डोळा बघा, शिम बदला, पुन्हा मारा. ताईंचे कागद वेगळे काढा, पातळ पॅड लावून. तीच बंदूक त्यांच्या गालाला वेगळी बसते, त्यामुळे तुमचा मध्य तोच त्यांचा असेलच असं नाही. दोघांच्या शिमचा क्रमांक दस्त्याच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा, दर वेळी शोधायला नको.